मोटारीच्या तांब्याची जोडवी

"दागिना सुंदर आहे, पण त्याला सांबाराचा वास येतो."

कोइमतूरच्या कुणा बाईंनी इन्स्टाग्रामवर आईच्या कानातल्यांखाली असं लिहिलं होतं. कॉफी पिता पिता मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आई मागच्या पडवीत, रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर एक कडं ठोकत बसली होती. तिची हातोडी थांबली.

"सांबाराचा? रसमचा नव्हे?"

"सांबाराचाच म्हणतात."

"मग बाईला नाक आहे. लिही त्यांना, वास हिंगाचा आहे. दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, जाईल. नाही गेला तर भात वाढून घ्या."

शेवटचं वाक्य मी लिहिलं नाही. तर तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तमिळमध्ये बोलून ते स्वतः घातलं. कानातल्यांच्या त्या बाईंनी लगेच हसण्याची चिन्हं पाठवली आणि आणखी एक जोड मागितला.

हिंगाची युक्ती आईची स्वतःची. तांब्याला काळसर तपकिरी रंग आणायला जगभरचे लोक उकडलेलं अंडं वापरतात. अंडं कुस्करायचं, दागिन्याबरोबर डब्यात बंद करून ठेवायचं. तिनं ते फोनवर पाहिलं होतं. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही, आणि आणावं असं तिला वाटलंही नाही. तिनं वेगळाच विचार केला. काम करतो तो वास, मग आमच्या घरात त्याच्या तोडीचा वास कशाला आहे? डब्यात कट्टी पेरुंगायम होतं, म्हणजे खड्याचा हिंग, काळा आणि दगडासारखा टणक. तिनं तो फोडला, ओल्या फडक्यात गुंडाळला, स्टीलच्या डब्यात दागिन्याशेजारी ठेवून झाकण लावलं आणि विसरून गेली. अंड्यानं जे तासाभरात होतं त्याला हिंगानं कितीतरी दिवस लावले. रंग सगळीकडे सारखा आला नाही, मधे मधे लालसर राहिला. तिला तसाच आवडला.

"अंड्यानं शाळेच्या फळ्यासारखं काळं होतं," ती म्हणायची. "हे पिकतं."

त्याच सकाळी माझ्या धाकट्या भावाचा, श्रीकरचा, चेन्नईहून फोन आला. आईचे हात कामात होते म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, तुला सांगितलं होतं तो प्राणेश आठवतो? दागिन्यांच्या मोठ्या दुकानातला? त्याला तुझं काम फार आवडलंय. अख्खी एक भिंत देतो म्हणाला."

"भिंत घेऊन मी काय करू?"

"तुझे दागिने मांडायला गं. तुझ्या जोडव्यांसाठी. फक्त त्याला एक कथा पाहिजे. राजवाड्यातली, राण्यांची. आपण तंजावूरचे मराठी आहोत, लोकांना तेच ऐकायला आवडतं."

"राण्यांचे आपण कोण? माझे सासरे तालुका कचेरीत कारकून होते."

"चुम्मा, नुसती एक ओळ, आई. कोण तपासायला येतंय?"

"कथा पाहिजे तर मोटारीची सांग."

"मोटारीची कथा कोण घेईल?"

"मग त्याला म्हण, भिंतीवर कॅलेंडर लाव."

मी हसले. श्रीकरही हसला, पण त्यानं विषय सोडला नाही. "आणि ती नवऱ्याची ओळ. ती काढावी लागेल. गिऱ्हाईक दचकतं."

"दचकू दे. दचकलेलं माणूस वळून परत बघतं."

ओळ होती ती जोडव्यांच्या फोटोखाली. सगळ्यात जास्त मागणी त्या जोडव्यांनाच. आईनं तमिळमध्ये लिहिलं होतं, कुणीही घालावीत, नवरा असण्याची अट नाही. मागणाऱ्यांत कॉलेजातल्या मुली असत, घटस्फोट घेतलेल्या शिक्षिका असत, तिरुवारूरच्या एक परिचारिका होत्या, आणि काही बाया अशाही की ज्या नाव न लिहिता नुसता पत्ता पाठवत. त्यांची पाकिटं आई साध्या कागदात बांधायची. वर दुकानाचं नाव घालायची नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या दिवशी स्कूटरवर बसताना आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, येताना चिंच आण, घरातली संपली. ठोकून, तापवून काळं पडलेलं तांबं ती चिंचेच्या कोळात टाकायची, मग ते नव्या अंगाचं होऊन बाहेर यायचं. मी संध्याकाळी चिंच आणली. आम्ही दही-भात खाल्ला, तिनं टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला नावं ठेवली, आणि गुडघे दुखतात म्हणत झोपायला गेली.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, हृदय. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

*

मोटारीचं आता सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील वैद्यनाथ, गेले तेव्हा दहाव्या दिवशी जयश्री आत्यानं आईच्या हातातल्या बांगड्या काढल्या. आत्या अप्पांची थोरली बहीण, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचे यजमान ती चाळिशीत असताना गेले, तेव्हा तिच्याही कुणीतरी काढल्या होत्या. कपाळ, गळा, पायाची बोटं, सगळं एकेक करून मोकळं झालं. मग आत्या मायेनं म्हणाली, "एक बारीक साखळी ठेव, अंबे. हातात एकेक बांगडी. तेवढं आता चालतं."

बाया गेल्यावर आईनं ती बारीक साखळीही काढली आणि कपाटात ठेवून दिली.

"चालतं ते का घालायचं?" एवढंच ती मला म्हणाली.

अप्पा वाईट नव्हते. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगितलं आहे आणि ते खरं आहे. दर दिवाळीला ते आईला सोन्याच्या दुकानात न्यायचे. पुढच्या खुर्चीवर ते बसायचे, मागच्या खुर्चीवर ती. दुकानवाला ट्रे मांडायचा, अप्पा बोटानं दाखवायचे, हे, हे नको, ते. ती दुकानवाल्यानं दिलेलं सरबत प्यायची. "अंबेला यातलं काय कळतंय," ते कौतुकानं म्हणायचे आणि दुकानवाला हसायचा. तिच्या साड्यांचे रंगही तेच ठरवत. हिरवा त्यांना आवडायचा नाही, म्हणून आमच्या घरात हिरवी साडी नव्हती.

अप्पांची ओरत्तनाडुजवळ थोडी शेती होती. ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथल्या पंपाची मोटार जळाली. कुळानं फोन केला, म्हणून मी आणि आई बसनं गेलो आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानात नेली. कारागिरानं ती उघडली आणि आतली जळकी तार उपटून जमिनीवर टाकली. काळ्या केसांच्या गुंतवळासारखी दिसत होती. आई खाली वाकली. एक तुकडा उचलून तिनं पदरानं घासला. आतून लाल निघाला.

"ही मी नेते."

"तिचं काय करणार, अम्मा?"

"घालणार."

तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. त्यानं जुन्या पिशवीत भरून सगळी तार दिली.

घरी तिनं तारेवरचा लेप गॅसवर जाळला, तार चिंचेत बुडवली, पाच-सहा पदर एकत्र पिळले आणि पाट्यावर ठेवून वरवंट्यानं चपटे केले. तेव्हा हातोडीही नव्हती, रूळही नव्हता. वेडीवाकडी दोन वेढणी झाली. त्यांच्या कडा तिनं नखं घासायच्या कानशीनं घासल्या, आणि पायाच्या बोटांत घातली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःच्या बोटानं एखादा दागिना निवडला होता, आणि तो भंगारातून निवडला होता.

आत्यानं ते त्याच आठवड्यात पाहिलं.

"अय्यो, अंबे! अशा बाईनं मेट्टी घालायची नसते." मेट्टी म्हणजे जोडवी. आणि 'अशा बाई'चं सांगायचं तर, आमच्या घराण्यात तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'अशा बाया' म्हणतात, 'त्यांचं तसं झालं' म्हणतात. आत्या स्वतःबद्दल बोलतानाही तसंच म्हणते.

"चांदीची घालायची नसते," आई म्हणाली. "तांब्याचं कुणी काय सांगितलंय?"

"तांब्याचं कोण सांगणार? तांबं काय अंगावर घालतात? तांबं देवाच्या पाण्याला."

"देवाला चालतं. मी काय देवापेक्षा सोवळी?"

आत्यानं शास्त्रीबुवांना विचारलं. ते म्हणाले, असा प्रश्न याआधी आला नाही. त्या उत्तरावर आई महिनाभर खूश होती.

मग एकेक हत्यार आलं. आधी हातोडी, मग रूळ, तारेची पक्कड, ज्योत सोडणारी गॅसची छोटी बंदूक. ती फोनवर व्हिडिओ बघायची, करून पाहायची, मोडायची. सुरुवातीला सगळं तडकायचं. मग तिला समजलं की तांबं ठोकत राहिलं तर हट्टाला पेटतं, मधे मधे तापवून मऊ करावं लागतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. मी फोटो काढून दिले, इन्स्टाग्रामवर पान उघडून दिलं, बाकी सगळं तिचं. तार संपली तेव्हा तिनं विजेच्या दुकानातून अर्थिंगची जाड तार आणायला सुरुवात केली, पण त्या वाइंडिंगवाल्याकडची जळकी तार तिला जास्त प्यारी. दर महिन्याला ती बसनं ओरत्तनाडुला जाऊन पिशवी भरून आणायची. एकटी. त्याआधी ती बाजारातही एकटी गेलेली मला आठवत नाही. पहिल्या खेपेहून परतली तेव्हा अंगावर नवी साडी होती. हिरवी.

*

ती गेली त्या सकाळी मी अंगणात उभी राहून डॉक्टरांशी आणि श्रीकरशी फोनवर बोलत होते. आत आले तर आईचे पाय उघडे होते. जोडवी खिडकीत एका भांड्यात ठेवलेली.

"शास्त्री यायच्या आत काढली," आत्या हळूच म्हणाली. "बरं दिसत नाही गं."

आईच्या बोटांवर तांब्याचे हिरवे वळ तसेच होते. आत्यानं ओल्या फडक्यानं पुसले असावेत, पण ते गेले नव्हते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ओरडावं असं वाटलं, पण बाया जमल्या होत्या, कुणी तुळस आणत होतं, कुणी गंगेचं पाणी. मी भांड्यातली जोडवी उचलली आणि तिथंच, सगळ्यांसमोर बसून, माझ्या बोटांत घातली. माझं लग्न झालेलं नाही. ते बघून आत्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून मी पडवीत बसू लागले. रुळावर ते कडं अर्धं पडलेलं होतं आणि ज्या बाईंनी ते मागितलं होतं त्यांना मी शब्द दिला होता.

"सुतकात ठोकाठोकी?" आत्या म्हणाली.

"पूजा बंद आहे, आत्या. ठोकणं बंद असं कुठं सांगितलंय?"

म्हटलं आणि मीच दचकले, कारण आवाज माझा होता आणि बोलणं आईचं. आत्यालाही ते जाणवलं. ती आत गेली आणि माझ्यासाठी ताक घेऊन आली.

कडं मला जमलं नाही. मी रागानं ठोकत गेले, तापवायचं राहिलं, आणि ते टोकाशी तडकलं. श्रीकर शेजारी बसून बघत होता. विधी करताना त्याचं डोकं भादरलं होतं आणि त्यामुळे तो अगदी लहान, शाळेतला दिसत होता.

"अक्का, हे तुला जमणार आहे?" त्यानं प्रेमानंच विचारलं.

"एक मोडलं म्हणजे काय झालं? आईनं पिशवीभर मोडली."

"तू नोकरी करणार, घर बघणार, की हे करणार? आणखी वर्षभरात सगळं विरून जाईल. प्राणेश अजून तयार आहे. आई गेली तेही त्याला कळलंय. तिचा मोठा फोटो लावू म्हणाला, खाली नाव. येणारं-जाणारं माणूस तिला बघेल. तुला नको वाटतं का तसं?"

"फोटो पाहिजे. कथा नको."

"त्याशिवाय तो घेणार नाही."

"मग नको घेऊ दे. मी शिकेन."

"तुझा हट्ट," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझी पण आई होती ना गं. माझ्या हातात तिचं काय आहे? तू रोज तिच्याजवळ होतीस. मला एक भिंत तरी मिळू दे."

त्याचं दुःख खोटं नव्हतं, म्हणून तर ते अवघड होतं. मी तडकलेलं कडं बाजूला ठेवलं, नवी तार घेतली आणि या खेपेला आधी बंदूक पेटवली. तांबं लाल होईपर्यंत आम्ही दोघं त्या ज्योतीकडे बघत राहिलो.

*

तेराव्याला आमच्याकडे शुभस्वीकार असतो. सुतक संपतं, दारात पुन्हा कोलम, म्हणजे रांगोळी, काढतात, गोडाचं जेवण होतं, नातलग नवे कपडे घालतात. आजपासून शुभ बोलायचं, रडायचं नाही, असा त्या दिवसाचा अर्थ. केळीच्या पानांवर जेवणं झाली, सगळे ओसरीवर विडे घेऊन बसले. गुरुमूर्ती काका, अप्पांचे चुलतभाऊ, शाळेचे हेडमास्तर होते. ते आईबद्दल चार शब्द बोलले. अंबा सोशिक, अंबा अबोल. आईला अबोल म्हणताना ऐकून मला आत कुठंतरी हसू आलं.

मग श्रीकरनं फोन पुढे केला. "प्राणेशनं आजच्यासाठी म्हणून पाठवलंय," तो म्हणाला. "दुकानात लागेल ते."

फोन हातोहात फिरला. माझ्यापर्यंत यायच्या आधीच मला लोकांचे चेहरे दिसले, आणि त्यांवरून कळलं की काहीतरी फार छान आहे.

फोटो मीच काढलेला होता. पडवीत, सकाळच्या उन्हात, हातोडी उचललेली. आता त्यात हातोडी नव्हती, रूळ नव्हता. मागे नक्षीचा खांब होता, आमच्या घरात नसलेला. केसांत मोगरा होता. आणि आईच्या कपाळावर कुंकू होतं, मोठं, गोल, लाल, कुणीतरी संगणकावर लावलेलं.

खालची इंग्रजी ओळ गुरुमूर्ती काकांनी चष्मा लावून सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचली आणि मराठीत करून सांगितली. "तंजावूरच्या मराठा राजवाड्यातली सौभाग्याची जोडवी. सासूकडून सुनेकडे, पिढ्यान्‌पिढ्या."

"आमच्या आईचं नाव निघालं," आत्या म्हणाली आणि रडू लागली. "अंबे, पाव‌म गं, बिचारी! कशी शोभते बघा. सवाष्ण गेल्यासारखी."

"तुझ्या आईनं कधी जोडवी केली, जयश्री?" कुणीतरी विचारलं.

"केली असतील की. आईला सगळं यायचं."

ती खोटं बोलत नव्हती. बोलता बोलता तिला ते खरं वाटू लागलं होतं. मला दिसत होतं, आणखी एका वर्षात आम्हां सगळ्यांना तसंच वाटणार होतं. श्रीकरच्या मुलांना आम्ही तेच सांगितलं असतं. आजीनं राण्यांची कला जपली. आणि ती वाइंडिंगच्या दुकानात वाकलेली बाई कधी नव्हतीच असं झालं असतं.

"श्रीकर," मी म्हटलं. "त्याला फोन कर आणि नाही म्हणून सांग."

"अक्का, आज नको."

"आजच. हे कुंकू कुणी लावायला सांगितलं?"

"कुणी नाही. त्यांच्या दुकानातल्या मुलानं केलं. त्याला वाटलं बरं दिसेल. खरंच बरं दिसतंय, अक्का."

"आईनं इतकी वर्षं ते लावलं नव्हतं."

"मेल्यानंतर लावलं तर कुणाचं काय जातं?" आत्या म्हणाली. "देवानं नेलं ते परत आलं म्हण."

"आत्या, ती असताना बोटातली जोडवी तुला बघवली नाहीत. मेल्यावर काढून घेतलीस. आता तीच जोडवी सौभाग्याची झाली?"

कुणाचा तरी विडा तोंडाशी थांबला. आत्याचं रडणंही थांबलं.

"मग मी काय करायचं होतं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझी काढली तेव्हा मला कुणी विचारलं? मला काय पाय नव्हते? मी गप्प बसले. ती बसली नाही. लोक मला विचारायचे, तुझी भावजय असं करते, तू काय करतेस? मी काय सांगायचं होतं, भुवने?"

मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण फोन माझ्या हातात होता आणि त्यातली आई ओळखीची नव्हती.

"खरं सांगायचं होतं," मी म्हटलं. "मी आता सांगते, तुला सांगायला नको. माझी आई विधवा होती."

"भुवना!" गुरुमूर्ती काका म्हणाले. "आज शुभ दिवस आहे. तो शब्द घरात नको."

"हाच शब्द पाहिजे, काका. इथं कुणी तो कधी बोललं नाही, म्हणून त्या मुलाला कुंकू लावायला जागा मिळाली. आई विधवा होती आणि तिनं ही जोडवी विधवा असताना केली. सासूनं शिकवलं नाही. राजवाड्यानं शिकवलं नाही. या घरात तिला प्रत्येकानं नको म्हटलं आणि तिनं केलं. तुम्हाला ती भिंतीवर पाहिजे असेल तर हातोडीसकट घ्या, मोकळ्या कपाळासकट घ्या. नाहीतर राहू दे. इन्स्टाग्रामचं पान माझ्याकडे आहे, मी चालवीन, वाईट ठोकीन पण चालवीन, आणि तिनं लिहिलेला एक शब्द कुणाला बदलू देणार नाही."

श्रीकर उभा राहिला होता. "एवढं काय झालं, अक्का? एका टिकलीवरून? आपण तिला अप्पांच्या वेळेसारखी दाखवली, एवढंच. तेव्हा ती सुखी होती ना? तसा तिचा फोटो असला तर काय बिघडलं?"

त्याला खरंच उत्तर पाहिजे होतं. तो शिकायला, मग नोकरीला बाहेर गेला, घरी आला तो सणांना. त्यानं मागची खुर्ची पाहिली होती, पण सरबत पिणारं माणूस कुठं बघत असतं ते पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. मोटार जळाल्यानंतरच्या वर्षांत, पडवीतून येणारं तिचं गाणंही मी ऐकलं होतं, हातोडीच्या ठोक्यांवर म्हटलेलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती असताना तिलाही नाही. असं वाक्य आमच्याकडे कुठली मुलगी तोंडातून काढत नाही.

"नाही, श्रीकर," मी म्हटलं. "अप्पा चांगले होते. ती त्यांच्यासाठी रडली, मी तिच्याजवळ बसले होते. पण सुखी झाली ती ते गेल्यावर. या पडवीत, एकटी, काळे हात घेऊन. तिची सगळ्यात आनंदाची वर्षं तीच होती, आणि ती कुणाच्याही नावावर मी जाऊ देणार नाही."